पाहुण्यांचं कुरण

वायोमिंगमधल्या शेरिडन गावाहून पश्चिमेला साधारण तीस किलोमीटर गेलं, की बिगहॉर्न डोंगराच्या पायथ्याशी वुल्फ नावाचं ठिकाण लागतं. नकाशात नाव आहे, पोस्ट आहे, टपालाचा क्रमांक आहे. फक्त गाव नाही. आहे ती एका कुटुंबाची घोड्यांची रँच. ईटन मंडळी 1904 सालापासून इथे ठाण मांडून आहेत. जमीन सुमारे सात हजार एकर, ओंडक्यांच्या केबिन पन्नासच्या आसपास, आणि अमेरिकेतली सगळ्यांत जुनी ‘ड्यूड रँच’ असा लौकिक. घोड्याचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे, एवढंच ज्ञान घेऊन येणाऱ्या शहरी माणसाला तिकडे ड्यूड म्हणतात. अशा माणसाला पैसे घेऊन घरी ठेवायचं, तीन वेळा जेवू घालायचं आणि मधल्या वेळात घोड्यावर बसवायचं, हा ड्यूड रँचचा धंदा. देखावा सांगायचा तर मागे डोंगर, पुढे गवत, मधून ओढा. प्रवासवर्णनाचं देणं इथे फिटलं. घोड्याशी माझे संबंध आदराचे आहेत, आणि आदर अंतर राखूनच टिकतो असं माझं ठाम मत आहे. माझ्या गुडघ्यांचा या मताला बिनशर्त पाठिंबा आहे. त्यामुळे बाकीचे लोक घोडे निरखतात तेव्हा मी कुंपणं, छपरं, जेवणघर आणि टेकायला सावली कुठे आहे, हे निरखतो. खोगिरावरून जे दिसत नाही ते या बैठ्या नजरेला दिसतं. ही रँच एका आपत्तीतून उभी राहिली, आणि त्या आपत्तीचं नाव पाहुणा. तिथली प्रत्येक भिंत त्याच्यापायी उभी आहे आणि घोडाही त्याच्यापायीच उरला आहे, हे मला इथे पटवून द्यायचं आहे. ज्यांना घोड्यांचं वर्णन हवं असेल त्यांनी थोडा धीर धरावा. घोडा येईल, पण पाहुण्याच्या मागून.

मूळ गोष्ट वुल्फची नाही. हॉवर्ड, विलिस आणि ॲल्डन हे तिघे ईटन बंधू पिट्सबर्गचे. 1879 मध्ये हॉवर्ड डकोटाच्या मुलखात गेला, मागोमाग भाऊ गेले, आणि लिटल मिसुरी नदीकाठी, आजच्या मेडोरा गावाजवळ त्यांनी ‘कस्टर ट्रेल’ नावाची रँच थाटली. इथवर सगळं ठीक होतं. मग हॉवर्डने घरी पत्रं लिहायला सुरुवात केली. शिकार, घोडे, उघडा मुलूख यांची रसभरित वर्णनं त्यात होती. पत्र वाचून उत्तर पाठवणारी माणसं असतात आणि पत्र वाचून ट्रंक भरणारी माणसं असतात. पूर्वेकडच्या ईटनांच्या गोतावळ्यात दुसऱ्या प्रकाराचा भरणा जास्त निघाला. त्यातच नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वे 1880 मध्ये लिटल मिसुरीपर्यंत पोचली आणि उरलासुरला अडसर गेला. मे महिन्यात कोकणातल्या घराचं जे होतं तेच इथे झालं. आंबे संपेपर्यंत कोणी उठायचं नाव घेत नाही, तसे हे लोक हरणं संपेपर्यंत उठेनात. एका वर्षाचा हिशेब मांडला तेव्हा 2,200 जेवणं फुकट गेल्याचं आढळलं, असं सांगतात. म्हणजे वर्षाचे सगळे दिवस धरले तरी रोज सहा पानं. ‘घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं’ ही आपली म्हण, पण इथे व्याही स्वतःच आला होता आणि घोडा यजमानाने द्यायचा होता. अखेर 1882 मध्ये एका पाहुण्यानेच तोड काढली: माझ्याकडून पैसे घ्या, म्हणजे मला आणखी राहता येईल. हे वाक्य नीट पाहण्यासारखं आहे. त्यात उपकाराची फेड नाही, मुक्काम वाढवण्याची युक्ती आहे. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै आणि तिसऱ्या दिवशी अक्कल गेली कुठे, असं आपले लोक म्हणतात. या गृहस्थाने तिसऱ्या दिवसाची किंमत ठरवून टाकली आणि अकलेचा प्रश्नच निकालात काढला. एका मोठ्या धंद्याचा पाया हा असा, पाहुणा उठत नाही म्हणून घातला गेला.

यावर पहिला आक्षेप तयार असतो: पाहुणे हा जोडधंदा झाला, रँचचा मूळ व्यवसाय गुरांचा. बरोबर आहे, 1886 च्या उन्हाळ्यापर्यंत बरोबर आहे. त्या उन्हाळ्यात पाऊस नव्हता, आणि उत्तरेच्या माळरानावर आधीच इतकी गुरं सोडली होती की गवताच्या मुळांनाही दम नव्हता. नोव्हेंबरात बर्फ सुरू झालं. जानेवारीत मध्येच थोडं वितळलं आणि पुन्हा गोठलं, त्यामुळे गवतावर काचेसारखा कडक थर बसला. खूर आपटून बर्फाखालचं गवत काढण्याची कला घोड्याला येते, गाईला येत नाही. मग हिमवादळं आली. वसंतात नद्यांमधून बर्फाबरोबर मेलेली जनावरं वाहत गेली. ईटनांचे शेजारी होते थिओडोर रूझवेल्ट, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले. त्यांची निम्म्याहून जास्त गुरं त्या हिवाळ्यात गेली आणि पशुपालक म्हणून त्यांची कारकीर्द तिथेच ओसरली. मेडोरा गाव वसवणाऱ्या फ्रेंच उमरावाचा मांसाचा कारखाना तर हिवाळा धड लागण्याआधीच बंद पडला होता. हा ताळेबंद समोर ठेवून पाहुण्याकडे पाहा. पाहुणा हिवाळ्यात शिकागोला असतो, स्वतःच्या खर्चाने शेकत बसतो. त्याला वैरण लागत नाही, डाग द्यावा लागत नाही, तो चोरीला जात नाही, आणि जूनमध्ये वजन वाढवून आपल्या पायांनी परत येतो. गुरं बाजाराला न्यावी लागतात. हा बाजार स्वतःच तिकीट काढून येतो. त्याचे दोष मला मान्य आहेत. तो बोलतो, गाय बोलत नाही. त्याला चहा कसा हवा हे सांगावंसं वाटतं, आणि या बाबतीत माझ्यासारखा पाहुणा कुठल्याही रँचला जड जाईल. पण ज्या व्यवसायात एका हिवाळ्यात निम्मं भांडवल नदीला मिळतं, त्याला मूळ म्हणायचं आणि ज्याने तो हिवाळा भरून काढला त्याला जोड म्हणायचं, हा हिशेब मला कळत नाही.

शंका असेल त्याने 1904 सालाकडे पाहावं. त्या वर्षी ईटनांनी पंचवीस वर्षांचा बाडबिस्तरा उचलला आणि डकोटा सोडून ते वायोमिंगमध्ये वुल्फ ओढ्याकाठी आले. गुरांचा विचार केला असता तर गवत आणि पाणी मोजून जागा निवडली असती. गवत-पाणी इथे आहेच, पण निर्णय झाला तो घोड्यावरून फिरायला चांगला मुलूख हवा म्हणून, आणि फिरणार होते पाहुणे. मागे बिगहॉर्नची रांग, तिच्यात 13,167 फुटांचं क्लाउड पीक, दऱ्यांमधून वर चढणाऱ्या वाटा, आणि शेरिडनला 1892 पासून रेल्वे. शेतकऱ्याने पिकासाठी जमीन बदलावी तसे हे लोक बदलले. फक्त इथे पिकाला देखावा लागत होता. आणि पुढची गोष्ट तर माझ्या बाजूचा मुख्य साक्षीदार आहे. पहिल्या उन्हाळ्यात पाहुणे घ्यायचेच नाहीत, आधी घरं बांधायची, असं घरात ठरलं होतं म्हणतात. पाहुण्यांना तसं कळवलंही असेल. पण न येण्याचा निरोप ही पाहुण्याला नेहमीच दुसऱ्या कोणासाठी असलेली गोष्ट वाटते. ते आले. राहायला जागा नव्हती तेव्हा तंबूत राहिले, आणि केबिनच्या बांधकामाला त्यांनीच हात लावला. जगातल्या कुठल्याही यजमानाला हा प्रसंग सांगून पाहा. घर रंगवायला काढलंय, दोन महिने येऊ नका, असं सांगावं आणि पाहुण्याने ब्रश घेऊन दारात उभं राहावं! रागवायची सोय नाही आणि आभार मानायची इच्छा नाही. ईटनांनी काय केलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण भिंती उभ्या राहिल्या, आणि पुढच्या बांधकामाची रीत ठरून गेली.

ती रीत आजही इमारतींवरून वाचता येते. एखाद्या हॉटेलमालकाने ही जागा आखली असती तर केबिन रांगेत आल्या असत्या, एका मापाच्या, क्रमांक घातलेल्या. इथे तसं नाही. कोणी ओढ्याला लागून, कोणी कॉटनवूडच्या झाडाखाली, कोणी इतर सगळ्यांपासून फटकून. अमुक कुटुंब दर उन्हाळ्यात येतं, त्याला चार खोल्या लागतात. तमुक बाईंना लिहायला शांतता लागते. अशा एकेका पाहुण्याच्या खोडीने एकेक केबिन जन्माला आली, आणि बऱ्याच केबिनना त्या पाहुण्यांचीच नावं आहेत. मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट या त्या काळच्या अतिशय खपाच्या रहस्यकथालेखिका, त्यांचीही इथे केबिन होती. जवळून पाहिलं तर भिंतीतही हा इतिहास आहे. ओंडके आडवे रचायचे, कोपऱ्यावर खाच पाडून एकात एक बसवायचे, आणि दोन ओंडक्यांमधली फट चुना-सिमेंटच्या लिंपणाने बुजवायची. लाकूड सुकतं, आकसतं, लिंपण सुटतं, वारा शिटी घालतो. म्हणून दर काही वर्षांनी कोणीतरी थापी घेऊन एकेक फट पुन्हा भरत जातं. एका केबिनला अशा फटी किती आणि केबिन पन्नास, हा गुणाकार माझ्यासारख्या माणसाला बसल्या जागी थकवतो. गुरांच्या रँचला एक राहतं घर, एक गडीमाणसांची खोली आणि एक कोठार पुरतं. इथे जेवणघर आहे, जेवणाची घंटा आहे, नाचाचं सभागृह आहे, दुकान आहे, आणि पत्रं टाकायला पोस्ट आहे. पत्रांशिवाय ही आपत्ती ओढवलीच नसती, त्यामुळे पोस्टाची इमारत तर स्मारक म्हणूनही शोभेल.

आता घोडा. पहाटे मोतद्दार, तिकडच्या भाषेत रँग्लर, कुरणातून घोडे हाकत आवारात आणतात. हे आवार आडव्या वाशांचं असतं. उभे खांब आणि त्यांवर पाइनचे सरळ, सोललेले वासे, घोड्याची छाती अडेल पण पाय अडकणार नाही अशा अंतरावर. पलीकडे खोगिरांची खोली, तिथे प्रत्येक जीन आपापल्या खुंटावर. पाश्चात्त्य पद्धतीची जीन पंधरा-वीस किलोंची असते, म्हणजे पाहुणा चढण्याआधीच घोड्याच्या पाठीवर एक शाळकरी मूल बसलेलं असतं. पाहुणा आला की त्याला त्याच्या वकुबाप्रमाणे एक घोडा नेमून देतात आणि तो मुक्कामभर त्याचा राहतो. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार आणि सरकारी पागेतला घोडा घेणारा बारगीर. त्या हिशेबाने ड्यूड हा बारगीर झाला, पगार उलटा देणारा बारगीर. वकूब ठरवायला दोन प्रश्न असतात: घोड्यावर किती बसला आहात, आणि वजन किती. पहिल्या उत्तरात लोक भर घालतात, दुसऱ्यात सूट घेतात, आणि दोन्हींचा भुर्दंड घोड्याला. जीन आणि माणूस मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या पुढे जाऊ नये, असा एक ढोबळ नियम आहे. साडेचारशे किलोंचा घोडा धरला आणि जीन वजा केली, की माणसाला सत्तरच्या आसपास किलो उरतात. हा नियम मी एकदा वाचला आणि घोड्यांविषयीचा माझा आदर अंतरासकट दृढ झाला. घोडा मात्र पाहुण्याचं खरं वजन कागदावर शोधत नाही. तंग आवळायला कोणी पुढे झालं की मुरलेला घोडा पोट फुगवतो. तंग बसल्यासारखा दिसतो, पाच मिनिटांनी तो श्वास सोडतो, आणि जीन पाहुण्यासकट कलायला लागते. म्हणून रँग्लर थोडं चालवून पुन्हा एकदा तंग आवळतो. बोट घालून पाहतो, एक भोक पुढे घेतो. पाहुण्याच्या आणि घोड्याच्या लबाडीमध्ये रोज सकाळी उभा राहणारा हा एवढाच एक प्रामाणिक माणूस.

इथे घोडेप्रेमी वाचक उसळणार हे मला दिसतं आहे. त्यांचं म्हणणं असं, की लोक येतात ते घोड्यासाठी. घोडा नसता तर पाहुणा आलाच नसता, मग पाया कोण? येण्याचं कारण घोडा, हे मी नाकारत नाही. पण घोडा तिथे उरला कशामुळे? अमेरिकेत 1915 च्या सुमाराला घोडे आणि खेचरं मिळून अडीच कोटींच्या वर होती. मग मोटार आली, ट्रॅक्टर आला, आणि 1960 पर्यंत ही संख्या सुमारे तीस लाखांवर आली. एवढे घोडे गेले कुठे हा प्रश्न कोणी प्रेमाने विचारत नाही, कारण उत्तर प्रेमळ नाही. शेतावर घोड्याचं काम संपलं की त्याची वैरण डोळ्यांवर येते. साडेचारशे किलोंचा घोडा दिवसाला नऊ किलोंच्या आसपास कोरडं गवत खातो, काम असो वा नसो. हॉवर्ड ईटनने हा बदल अगदी समोरून पाहिला. यलोस्टोनमध्ये तो वर्षानुवर्षं घोड्यांवरून सफरी नेत असे. 1915 च्या ऑगस्टमध्ये त्या उद्यानात मोटारींना परवानगी मिळाली. त्याच वर्षी तो ग्लेशियर उद्यानातून सुमारे 300 मैलांची घोडेस्वारी घेऊन गेला, आणि तिच्यावर राइनहार्टबाईंनी पुस्तक लिहिलं. मोटारीने त्याच देखाव्यापर्यंत बसल्या बसल्या जाता येत असताना पैसे भरून खोगिरावर अंग आंबवून घेणारा माणूस, हा व्यवहाराच्या दृष्टीने पाहिला तर निव्वळ वेडा. त्या वेड्याने घोडा वाचवला. हॉवर्ड 1922 मध्ये गेला, पुढच्या वर्षी यलोस्टोनमधल्या एका लांबलचक घोडवाटेला त्याचं नाव दिलं. आणि अजूनही वसंतात ईटनांचे शंभराहून जास्त घोडे हिवाळी कुरणातून रँचवर परत आणताना शेरिडनच्या भर रस्त्यातून धावत जातात. हिवाळाभर मोकळे सोडलेले, अंगावर केसांचा जाड थर, आयाळीत काटे, एकाचीही ऐट नाही. मोटारी कडेला थांबतात. माझ्यासारखा, घोडा लांबूनच बरा म्हणणारा माणूसही हे दृश्य मनात आणतो तेव्हा गप्प होतो. यांच्यातल्या एकाचंही कुणावाचून अडलेलं नाही, आणि तरी यांचं असणं जूनमध्ये येणाऱ्या कुठल्यातरी दंतवैद्याच्या सुट्टीवर टांगलेलं आहे.

दुसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा. हे सगळं नाटक आहे, म्हणतात. नवी कोरी टोपी घातलेला शिकागोचा वकील, त्याला गुराख्याचा खेळ खेळायला लावणारं कुटुंब, आणि दोघांनीही खरं असल्याचं सोंग आणायचं. नाटक म्हणा, पण मग हेही सांगा की यातलं सोंग कुठलं? सकाळी हाकून आणलेले घोडे खरे असतात, त्यांचे नाल खरे असतात, वैरणीसाठी पाट काढून भिजवलेली कुरणं खरी असतात. जमतं त्याला इथे रँग्लरशिवाय एकट्याने घोडा घेऊन जायची मोकळीक असते. सोंग चालवणारा मालक ही जोखीम घेणार नाही. खरं तर खोटेपणा शोधायचाच असेल तर तो उलट्या बाजूला आहे. खराखुरा गुराखी म्हणून जो सिनेमातून आपल्याला माहीत आहे, त्याची सद्दी उघड्या माळावर जेमतेम वीस-पंचवीस वर्षं चालली, आणि 1887 च्या वसंतात ती जवळजवळ आटोपली. ड्यूड रँच त्याआधीच सुरू झाली होती आणि अजून चालू आहे. 1926 मध्ये या मालकांनी बोझमनला आपली संघटनाही काढली, रेल्वे कंपनीच्या मदतीने, कारण पाहुण्यांची ने-आण हा रेल्वेचाही धंदा होता. शंभर वर्षांहून जास्त टिकलेल्या गोष्टीला नक्कल म्हणायचं आणि पंचवीस वर्षांत आटोपलेल्या गोष्टीला अस्सल, हे ठरवणाऱ्याने एकदा घड्याळ तपासावं. टोपीपुरता आक्षेप मी मान्य करतो. नवी टोपी घातलेला माणूस नवीच टोपी घातलेला माणूस दिसतो; त्याला उपाय नाही, आणि माझ्या डोक्याच्या आकाराला तर कुठलीच टोपी जुनी दिसत नाही.

तिसरा आक्षेप विनोदाने वारता येत नाही, आणि वारू नये. हा मुलूख कोणाचा होता? क्रो, शायेन, लकोटा, अरापाहो या लोकांचा. 1868 च्या फोर्ट लॅरामीच्या तहात अमेरिकेच्या सरकारने लिहून दिलं होतं, की बिगहॉर्नच्या माथ्यापासून पूर्वेचा हा टापू मूळ रहिवाशांचा, आणि त्यांच्या परवानगीवाचून तिथे गोऱ्या माणसाने वस्ती करायची नाही. वुल्फ बरोबर त्याच बाजूला येतं. सह्या झाल्या, आणि दहा वर्षं पुरी व्हायच्या आत युद्ध उकरून तो तह गुंडाळून ठेवला गेला. 1883 पर्यंत उत्तरेच्या माळावरचे बायसन संपले. त्या वर्षी रूझवेल्ट पहिल्यांदा मेडोराला आले तेच उरल्यासुरल्यांतला एखादा मारायला मिळावा म्हणून. ज्या जनावरावर माणसांचं जेवण, पांघरूण आणि घर अवलंबून होतं ते संपवलं, मग त्या मोकळ्या गवतावर गुरं सोडली, तीही इतकी की गवत उरलं नाही, आणि मग हिवाळ्याला दोष दिला. ‘पश्चिमेचं आतिथ्य’ या विषयावरची गोड गोड वर्णनं वाचताना याचा संताप येतो. त्या मुलखात यजमान म्हणून जो उभा आहे तो स्वतः न बोलावता आलेला आणि न उठलेला पाहुणा आहे. ईटन कुटुंबाच्या वाट्याला यातलं किती येतं हा प्रश्न मी मांडत नाही. 1904 पर्यंत कागद कधीच बदलले होते, आणि कागद बदलल्यावर सगळेच रीतसर होतात. पण माझ्या म्हणण्याला या इतिहासाने बाध येत नाही, उलट त्याला धार येते. पाहुणा ही आपत्ती आहे असं मी म्हणालो, तेव्हा ड्यूड तिच्यातला सौम्य प्रकार ठरतो. तो वहीत नाव लिहितो, पैसे मोजतो, आणि ठरल्या दिवशी निघून जातो. या भूमीवर आलेल्यांच्या इतिहासात एवढं सौजन्य फार थोड्यांनी दाखवलं आहे.

राहिला विकासाचा मुद्दा, आणि इथे पाहुणा पुन्हा आडवा येतो. पिढ्यान् पिढ्या येणारी कुटुंबं हे अशा रँचचं वैभव आणि तीच तिच्यावरची पंचायत. आजोबा ज्या केबिनमध्ये उतरत त्याच केबिनमध्ये नातवंडांना उतरायचं असतं, त्याच ओसरीवर, त्याच करकरणाऱ्या दारातून. मालकाने दाराला तेल घातलं तरी यांना काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. नळ हवा, गरम पाणी हवं, वीज हवी; पण ओंडके हलता कामा नयेत आणि बदल दिसता कामा नये. म्हणजे प्लंबरने चोरासारखं काम करायचं. मालकाची चौथी-पाचवी पिढी कायद्याने मालक असते, पण चाळीस वर्षं येणारा पाहुणा तिला ‘तुझ्या आजीच्या वेळी असं नव्हतं’ म्हणून ऐकवू शकतो. हे जाचक आहे, पण ज्या गोष्टीपासून हा जाच रँचला वाचवतो ती लहान नाही. बिगहॉर्नच्या आसपास कुरणं तोडून त्यांचे बंगल्यापुरते तुकडे विकण्याचा धंदा जोरात आहे. तुकडे घेणारेही एके काळचे पाहुणेच असतात. आठवडाभर डोंगर पाहिला, आवडला, आणि कायमचा खिडकीत बसवायचा ठरवला. अशी पाचपन्नास घरं झाली की कुंपणं पडतात, घोडवाटा अडतात, आणि ज्या देखाव्यासाठी घर बांधलं त्यात शेजाऱ्याचं घर येतं. चार भावंडांच्या वाटण्या होऊन जमीन विकायची पाळी येऊ द्यायची नसेल, तर सात हजार एकर एकत्र ठेवण्याइतकं उत्पन्न दर उन्हाळ्यात यावं लागतं, आणि ते देणारा एकच प्राणी आहे. म्हणून ड्यूड रँचचे दर फार आहेत या शेवटच्या आक्षेपात मला दम वाटत नाही. त्या पैशात माणसाला केबिन, घोडा आणि जेवण मिळतं हे खरं, पण यजमानाच्या दृष्टीने ती रक्कम पाहुण्याने मुक्काम संपल्यावर परत जावं यासाठीची आहे. स्वस्तात राहता आलं असतं तर कोणीच हललं नसतं, हे 2,200 जेवणांनी सिद्ध केलेलं आहे. अर्थात सगळ्यांनाच एवढा आकार लावण्याची गरज नाही. माझ्यासारख्याला परत पाठवायचं तर त्याला नेमून दिलेला घोडा फक्त एकदा जवळून दाखवावा.